दोन माणसांच्या गाडीतला गारवा

मुकुंदराव वकिलांच्या गाडीला हैदराबादेतलं सगळं मलकपेठ ‘हमाम’ म्हणत असे. फक्त वकिलांच्या तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण निम्म्या मलकपेठेच्या खटल्यांच्या मिसली वकिलांच्या कपाटात होत्या.

गाडी विलायती. बुटकी, लांब नाकाची, वर पत्र्याचं घट्ट छप्पर, खिडक्या पाटीएवढ्या आणि आत जागा मोजून दोघांची. जहागिऱ्या गेल्यावर एका जहागीरदाराने आपल्या देवडीतलं, म्हणजे वाड्यातलं, सामान काढायला सुरुवात केली, तेव्हा झुंबरं व्यापाऱ्यांनी नेली, गालिचे दलालांनी नेले आणि ही गाडी वकिलांनी आणली. का आणली, यावर एकमत नव्हतं. वकील सांगत, जहागीरदारांशी जुना स्नेह. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई सांगत, पन्नाशीला टेकलं की पुरुषांना असं काही तरी होतंच. त्यातल्या त्यात गाडी बरी.

सुशीलाबाई त्या गाडीत तोवर एकदाच बसल्या होत्या. एप्रिलातली दुपार होती. चादरघाटच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, दार उघडलं, खाली उतरल्या आणि एक शब्द न बोलता रिक्षा करून घरी आल्या. चपलेचा तळ मऊ होऊन बोटांना चिकटला होता आणि नव्या इरकलीच्या काठाला करपल्याचा वास येत होता. पुलावर त्या वेळी नेमके बघायला नकोत असे सगळे लोक हजर होते. त्यानंतर डाव्या बाजूच्या गादीवर वकिलांचा काळा कोट आणि कागदांचा गठ्ठा बसून जाऊ लागला, आणि वकील कोर्टात उतरत ते नुकतेच विहिरीतून निघाल्यासारखे.

अशा वेळी शहरात एकच नाव घेतलं जाई: तातेराव उस्ताद.

तातेराव सरकारी मोटार कारखान्यात मिस्त्री होते. रंगाने काळेसावळे, उंचीने बेताचे, खांद्यावर कायम तेलकट फडकं. इंजिनाला कान लावून ते आजार सांगत, आणि सांगताना डोळे मिटून घेत. ती जरा ऐट होती. डोळे उघडे ठेवूनही त्यांना तेवढंच ऐकू येत असणार. पण कारखान्यातले पन्नास वर्षांचे पठाण ड्रायव्हरसुद्धा त्यांना ‘उस्ताद’ म्हणत, अफझलगंजच्या इराण्याकडे गेले की पोऱ्या न सांगता मलईचा चहा पुढे ठेवी, आणि ही ऐट त्यांना शोभून दिसे.

मूळ गाव परभणीपासून अकरा मैलांवर. बाप ते गाव सोडून हैदराबादेत आला आणि एका देवडीत उन्हाळाभर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायच्या कामाला लागला. गावात त्याच्या हातचं पाणी माणसाला सोडा, भिंतीला चालत नव्हतं. देवडीत ते चालायचं; बेगमांना गारवा हवा होता, पाणी मारणाऱ्याची जात नको होती. तातेराव बापाच्या मागे बादल्या धरत मोठे झाले, मग मोटारखान्यात शिरले आणि तिथेच राहिले. गावाकडे लग्नामयतीला जात. गेलं की पाटलाच्या ओट्यावरून हाक येई. त्या हाकेत आधी जात असे, मग नाव, आणि नावही अर्धं तोडलेलं. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तातेरावांनी आणि त्यांच्या पत्नी मालनबाईंनी दीक्षा घेतली, तरी ओट्यावरची हाक बदलली नव्हती. उलट आता हाकेनंतर हसूही येऊ लागलं होतं.

दसऱ्यानंतर तीन आठवड्यांच्या आत हैदराबादचं राज्य वाटलं गेलं. तेलंगण इकडे, मराठवाडा मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसुराकडे. जमिनीची वाटणी नकाशावर रेघ मारून झाली. माणसांची काही झाली नाही. मग याद्या निघाल्या. मराठी बोलणारा शिपाई, कारकून, मिस्त्री, सगळे मुंबई राज्याच्या यादीत. सत्तावन सालच्या मार्चात तातेरावांच्या हातात कागद पडला: परभणीचा कारखाना, हरकत असल्यास अर्ज करावा.

तो कागद बघून कारखान्यातल्या लोकांनी पाठ थोपटली. घरच्या मुलखात चालले, नशीब काढलं. तातेराव हसले आणि त्या दिवशी त्यांनी एका लॉरीच्या चुकीच्या नटाला पाना लावला. परभणीच्या कारखान्यात कोणत्या गाड्या येतात, हे त्यांना ठाऊक होतं. तहसीलदाराची जीप येते, आणि जीपमधून पाटील उतरतो.

म्हणून ते मुकुंदरावांकडे अर्ज लिहून घ्यायला गेले. मुकुंदराव जुन्या शहरी घराण्यातले. वडील मुन्सफ, आजोबा दफ्तरात. सगळी वकिली उर्दूत झालेली, आणि आता कोर्टाने भाषा बदलल्यामुळे पन्नाशीत इंग्रजीच्या चुका काढून घेण्याची पाळी आलेली. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणाचंही काम करताना आपलंही एखादं त्याला जोडून घ्यायची खोड होती.

“कारण काय लिहू, उस्ताद?” त्यांनी टाक उचलून विचारलं.

“गावाजवळ जायचं न्हाई.”

“लोक गावाजवळ नेमणूक मिळावी म्हणून माझ्याकडे येतात.”

“त्यांची गावं सुलटी असतील, वकीलसाहेब. माझं उलटं हाय.”

वकिलांनी टाक खाली ठेवला. त्यांना कळलं होतं. पण कळलेलं लिहायला अर्जात रकाना नव्हता. मुलीचं शिक्षण, बायकोची नोकरी, प्रकृती, एवढीच कारणं चालत. मुलगी सुमन सातवीत होती आणि मालनबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या, ते दोन्ही त्यांनी लिहिलं, आणि स्वतःच म्हणाले की असे अर्ज गोण्या भरभरून पडले आहेत. मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी आवाज उतरवला. मुंबई राज्याच्या मोटार खात्यात माणसं घ्यायची की सोडायची हे ठरवणारे श्रीनिवासराव त्यांचे वर्गबंधू. मेच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून येणार, तीन दिवस इथेच उतरणार. नामपल्ली स्टेशनवरून वकील स्वतः त्यांना आणणार, आणि आणणार ते त्या गाडीतून.

“तेवढी गाडी गार करा,” वकील म्हणाले. “अर्जाचं मी बघतो.”

म्हणजे काय, की हैदराबादेत राहायचं की नाही हे आता त्या हमामावर ठरणार होतं.

तातेराव दर रविवारी मलकपेठेत येऊ लागले. पहिल्या रविवारी हत्यारांच्या पेटीतून उदबत्तीचा पुडा निघालेला बघून वकील चपापले. घरून निघताना मालनबाईंनीही टोमणा मारला होता, की बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मोटारीची पूजा करायला चालला. पण उस्तादांनी इंजिन चालू केलं, आत बसून दारं लावली आणि पेटती उदबत्ती पायांपाशी, पत्र्याच्या कडेकडेने, गिअरच्या दांड्याभोवती फिरवत नेली. जिथे धूर सरळ वर जाईल तिथे ठीक. जिथे आत ढकलला जाईल तिथून इंजिनाची धग येते. अशी सतरा भोकं निघाली. वायरींची, पेडलांची, कोणी तरी कधी काही बसवायला पाडून विसरून गेलेली.

भोकं त्यांनी रबराने बुजवली. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यावर पुढून अ‍ॅस्बेस्टॉस ठोकला, मागून जाड लोकरी नमदा चिकटवला. धुराड्याचा नळ सुशीलाबाईंच्या बरोबर तळपायाखालून जात होता. त्याला दोरी गुंडाळली आणि मधे पत्र्याची आडभिंत दिली. मग डॅशबोर्डाखाली हात घातला आणि मोठ्याने हसले. गाडीत शेगडी होती. विलायतेत थंडी असते म्हणून इंजिनाचं उकळतं पाणी एका जाळीत खेळवून त्यावरून पंख्याने वारा सोडायची सोय, आणि तिची तोटी कधी काळी उघडी राहून गंजून गेलेली. म्हणजे मलकपेठेच्या उन्हाळ्यात वकील दोन महिने शेगडी लावून फिरत होते. ही बातमी वकिलांनी कोणाला सांगू नका म्हणून सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत ती चादरघाट ओलांडून गेली.

त्या शेगडीचंच उस्तादांनी सोनं केलं. उकळत्या पाण्याचे नळ कापून बंद केले, जाळी काढून टाकली, पंखा ठेवला. जाळीच्या जागी वाळ्याची जाड गादी बसवली. गाद्यांच्या मागच्या फळीवर पितळेची टाकी, तिच्यातून बारीक रबरी नळी, थेंब थेंब पाणी वाळ्यावर. पंखा बाहेरची कोरडी हवा ओढणार, ती ओल्या वाळ्यातून गार होऊन आत येणार.

पहिल्या खेपेला फजिती झाली. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून उस्तादांनी सगळ्या फटी मिटवल्या होत्या. दहा मिनिटांत काचा आतून धुरकटल्या, कागदांचा गठ्ठा ओलसर झाला आणि वकिलांना धोब्याच्या बोचक्यात बसल्यासारखं झालं. उस्ताद बराच वेळ बोनेटवर बसून राहिले. मग त्यांना देवडी आठवली. बाप ताटीवर पाणी मारायच्या आधी समोरच्या भिंतीतला वरचा झरोका उघडा आहे का, ते बघायचा. वारा येतो तसा त्याला जायलाही वाट लागते. त्यांनी मागच्या दोन्ही छोट्या काचा दोन-दोन बोटं उघड्या राहतील अशा खिट्ट्या बसवल्या. आणि पुढल्या रविवारी, भर दुपारी, सुशीलाबाई अफझलगंजपर्यंत जाऊन परत आल्या. उतरताना त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला होता. मलकपेठेच्या दृष्टीने तो निकाल होता.

आता थोडं घरातलं. वकिलांच्या आई सत्यवतीबाई, पंचाहत्तरीच्या, कडक सोवळ्याच्या, कान तल्लख. त्यांनी पहिल्याच दिवशी मिस्त्रीसाठी चहा पाठवला होता. तो शेडच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपातून आला. उस्तादांनी कप बघितला आणि चहा सोडलाय म्हणून सांगितलं. दिवसाला आठ कप रिचवणारा माणूस. तो कप कोनाड्यातच राहिला, त्यात खिळे ठेवायला बरं पडलं. पुढे म्हातारीच्या मनात शंका आली, की टाकीला हात मिस्त्रीचा, पाणी त्याचं, आणि त्या पाण्यावरून आलेला वारा अंगावर घेऊन मुकुंदा घरी येऊन देवाला शिवतो, ते कसं? त्यांनी भटजींना विचारलं. भटजींनी दूध घेतलं, केळं घेतलं, आणि वाऱ्याच्या बाबतीत शास्त्र मोकळं आहे असं सांगून निघून गेले. म्हातारीचं समाधान झालं नाही, पण ती गप्प झाली. निदान घरच्यांना तसं वाटलं.

मेचा शेवटचा रविवार उजाडला. उस्तादांनी सकाळी येऊन टाकी धुतली, वाळा बदलला, नळीतून फुंकर मारून थेंब मोजले. अकराला वकील स्टेशनवर निघाले. गाडी दोघांचीच, त्यामुळे उस्तादांना जागा नव्हती. ते शेडपाशी बसून राहिले. त्या तासाभरात त्यांनी तीन विड्या ओढल्या आणि मनातल्या मनात गाडीबरोबर रस्ता धरला. आता स्टेशन सुटलं असेल, आता अफझलगंज, आता पूल.

गाडी फाटकातून आत आली ती दोन्ही काचा खाली केलेल्या. श्रीनिवासराव उतरले. सदरा पाठीला चिकटलेला, टाय खिशात, चेहरा लाल. वकील दुसऱ्या बाजूने उतरले आणि त्यांनी उस्तादांकडे बघितलं नाही. अफझलगंजपर्यंत वारा गार होता म्हणे, मग कोमट, आणि पुलावर तर तंदुराचं झाकण काढल्यासारखा.

उस्ताद आधीच आत वाकले होते. वाळा कोरडा ठणठणीत. टाकीत पाणी गच्च. त्यांनी नळी काढली, तोंडाशी बोट घातलं, आणि बोटाला चिकटून बाहेर आली तुळशीची पानं. तीन. सकाळी थेंब मोजून ते हात धुवायला गेले असताना कोणी तरी पाणी शुद्ध करून ठेवलं होतं. आज पाहुणा बसायचा होता ना.

त्यांनी मान वर केली. व्हरांड्यात सत्यवतीबाई जपमाळ घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले होते. मुकुंदराव उस्तादांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना पानं दिसली. आईही दिसली.

“तातेराव,” ते अगदी हळू म्हणाले, “आत्ता नको.”

एवढ्या महिन्यांत वकिलांनी प्रथमच ‘उस्ताद’ म्हटलं नव्हतं. मग पाहुण्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की मिस्त्रीकडून काही तरी राहिलं असावं.

श्रीनिवासराव तोंड पुशीत हसले. “मुकुंदा, हाच का तुझा उस्ताद? याच्यासाठी चार पत्रं लिहिलीस होय? ठेव बाबा तुझ्याकडेच. परभणीला असले आणखी कशाला नेऊ?”

तातेरावांनी मूठ मिटली. पानं मुठीतच राहिली. संध्याकाळी वकिलांचा निरोप आला: काम झालं. श्रीनिवासरावांनी अर्जावर शेरा मारला आहे, की सदर मिस्त्री कामास यथातथा, मुंबई राज्यास जरुरी नाही, हैदराबादेत ठेवण्यास हरकत नाही. कागद ते मंगळवारी बरोबर नेतील आणि पुढचं आपोआप होईल. वकिलांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘अभिनंदन’.

घरी मालनबाईंना आनंद झाला. मार्चपासून त्यांनी भांड्यांचं एक पोतं शिवून ठेवलं होतं, ते त्यांनी उसवलं आणि परात काढली. दवाखान्यातली नोकरी वाचली, सुमनची शाळा वाचली. नवरा गोड खाताना गप्प आहे हे त्यांच्या दुसऱ्या वाढणीला ध्यानात आलं. मग सगळं कळलं.

त्या बराच वेळ परातीतलं पीठ बोटाने एका बाजूला करत बसल्या.

“म्हंजे आपुन हितं राहायचं,” त्या म्हणाल्या, “पर काम येत न्हाई म्हून.”

“कागदावर लिवलंय तसं. लोकांना म्हाइत हाय.”

“लोक मरत्यात. कागद ऱ्हातो.”

लोकांना काय माहीत होतं, ते सोमवारी कारखान्यात कळलं. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. फाटकातच एका ड्रायव्हरने विचारलं, क्या उस्ताद, साब को भून दिया बोलते. दुसऱ्याने सल्ला दिला, की आता वाळा काढून शेगडी परत लावा, थंडीत उपयोगी पडेल. थट्टाच ती, हैदराबादेत थट्टा केल्याशिवाय माणसाला चहा पचत नाही. तातेराव हसले. पण दुपारी एक म्हातारा पठाण ड्रायव्हर आपली लॉरी घेऊन आला. पंधरा वर्षं तो दुसऱ्या कोणाला बोनेट उघडू देत नसे. त्याने या वेळी लॉरी शेजारच्या मिस्त्रीपुढे उभी केली आणि तातेरावांकडे न बघता म्हणाला, जरा जल्दी है, मिस्त्री. मिस्त्री. वाईट बोलला नाही. फक्त उस्ताद म्हणाला नाही.

मंगळवारी तातेरावांनी अर्धी रजा टाकली. मलकपेठेत पोचले तेव्हा श्रीनिवासरावांसाठी टॅक्सी बोलवायला माणूस गेला होता. तातेराव सरळ शेडमध्ये गेले. टाकी रिकामी करून भरली, नळीत फुंकर मारली, वाळा भिजवला, गाडी बाहेर काढून पायऱ्यांपाशी लावली आणि खाली उतरून उभे राहिले.

मुकुंदराव धावतच बाहेर आले. त्यांनी डोळ्यांनी, भुवयांनी, हाताने, जेवढ्या प्रकारांनी न बोलता नको म्हणता येतं तेवढं म्हटलं. तातेराव त्यांच्याकडे बघत नव्हते.

“साहेब,” ते श्रीनिवासरावांना म्हणाले, “टेशनापर्यंत माझ्याबरूबर बसा. येक डाव. गरम झालं तर पुलावर उतरवा मला.”

श्रीनिवासरावांनी आधी गाडीकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कोण काही मागायला आलंय आणि कोण द्यायला, ते ओळखता येतं. इथे दोन्ही नव्हतं, म्हणून असेल, पण ते बसले.

पूल आला. बाहेर मुसीच्या कोरड्या पात्रावर ऊन नुसतं नाचत होतं. आत वाळ्याचा वास, आणि पायांपाशी असा गारवा की श्रीनिवासरावांनी बूट जरा पुढे सरकवले. अफझलगंज आलं. त्यांनी कॉलरचं बटण लावलं. मग त्यांनी विचारलं, परवा काय झालं होतं?

तातेरावांनी सांगितलं. रंग न लावता, आवाज न चढवता. टाकीच्या पाण्यात तुळशीची पानं पडली होती, नळी तुंबली. कोणी टाकली, ते त्यांनी सांगितलं नाही. का टाकली, ते श्रीनिवासरावांना विचारावं लागलं नाही. त्यांच्याही घरी आई होती.

नामपल्लीला गाडी उभी राहिली तरी ते उतरले नाहीत. इंजिन चालू होतं, वारा येत होता. त्यांनी आतल्या खिशातून कागद काढून मांडीवर ठेवला.

“परवा का नाही बोललात?”

“बोललो असतो तर तुमी मला नेलं असतं. मला जायचं न्हवतं.”

“मग आज का बोलताय? मी तर सोडलं होतं तुम्हाला.”

तातेरावांनी दोन्ही हात चाकावर ठेवले होते, गाडी चालत असल्यासारखे. “मला जायाचं न्हाई कामून, तर तिथं मला नाव न्हाई. हितं हाय. आन हितं ऱ्हायासाठी तुमी कागदावर तेच पुसून टाकलं. मंग ऱ्हाऊन काय करू, साहेब?”

श्रीनिवासराव कागद बोटांत फिरवत राहिले. त्यांनी खरं ते सांगितलं. शेरा बदलायचा तर चांगला मिस्त्री म्हणून बदलावा लागेल, आणि चांगला मिस्त्री सोडायला मुंबई तयार नाही. मधलं काही लिहिता येत नाही. हा कागद ठेवला तर हैदराबाद. फाडला तर परभणी. त्यांनी हेही सांगितलं, की परभणीला कारखान्याचा मुख्य मिस्त्री नाहीये, आणि नव्या शेऱ्यात आपण स्वतः ‘उस्ताद’ असं लिहिलं तर कोणी हरकत घेणार नाही. ते थट्टेने म्हणाले असावेत. तातेरावांनी थट्टेने घेतलं नाही.

“फाडा,” ते म्हणाले. “आन नवीन लिवाल त्यात नाव पुरं लिवा. बापाच्या नावासकट.”

कागद फाडला गेला. ते चार तुकडे हातात धरून साहेब फलाटाकडे गेले, हमाल ट्रंका घेऊन मागोमाग. फाटकातून त्यांनी एकदा वळून बघितलं, ते माणसाला की गारव्याला, सांगणं कठीण.

मलकपेठेने या गोष्टीचे पुढे तीन अर्थ लावले. एक म्हणजे तातेरावला परभणीला शेत घ्यायचंय. दुसरा, वकिलांनी फी जास्त मागितली. तिसरा सुशीलाबाईंचा होता, आणि तो त्यांनी फक्त सासूबाईंच्या देखत, तोंडली चिरताना, भिंतीकडे बघून सांगितला. सत्यवतीबाईंनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. उपास होता, असं घरात सांगण्यात आलं. मुकुंदराव मात्र गाडी स्टेशनवरून परत आल्यावर किल्ली घ्यायला शेडमध्ये गेले तेव्हा त्यांना बोलायचं होतं आणि जमलं नाही. इंग्रजी, उर्दू, मराठी, सगळ्या भाषांत त्यांची पंचाईत झाली. शेवटी त्यांनी वाळा किती दिवसांनी बदलायचा, ते विचारलं. तातेरावांनी सांगितलं आणि ते चालत पुलाकडे निघाले.

घरी मालनबाई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, पायऱ्यांवर बसून पाय चोळत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारायचं राहू दिलं. आत जाऊन परवा उसवलेलं पोतं घेऊन आल्या, सुई-दोरा शोधू लागल्या.

“घर कुठं घ्यायचं?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. “आपल्या वस्तीत?”

“कारखान्याजवळ. बाजारात.”

मालनबाईंच्या हातातली सुई थांबली. परभणीच्या बाजारात त्यांना घर कोण देणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं; कोण देणार नाही, त्याची यादी मात्र दोघांना पाठ होती.

“न्हाई दिलं तर?”

“तर दारोदार इचारू,” तातेराव म्हणाले. त्यांनी विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि मग जरा वेळाने म्हणाले, “नाव सांगून इचारू.”

मालनबाईंनी दोरा दाताने तोडला आणि पोत्याची दुसरी बाजू त्यांच्या हातात धरायला दिली.